संदर्भ चिठ्ठी

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत, कार्यालयातल्या कपाटामागे, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, दृष्टी तपासण्याचा एक तक्ता ठेवलेला असतो. त्यावर इंग्रजी ‘ई’ हे एकच अक्षर चार दिशांना तोंडे करून उभे असते आणि एकेका ओळीगणिक लहान होत जाते. ज्याला अजून कुठलीच लिपी वाचता येत नाही असे पहिलीतले मूलसुद्धा त्या अक्षराची उघडी बाजू कुणीकडे आहे हे तीन बोटांनी दाखवू शकते. मुलाला सहा मीटरवर उभे करायचे असते. आमच्या वर्गखोल्या तेवढ्या लांब नव्हत्या, म्हणून तपासणी व्हरांड्यात व्हायची. ऊन तक्त्यावर आले तर तो चकाकायचा, मुलाच्या तोंडावर आले तर मूल डोळे मिचकावायचे, आणि रांगेत मागे उभी असलेली चलाख मंडळी तोपर्यंत निम्म्या ओळी पाठ करून मोकळी झालेली असायची.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे वर्ग शिकवण्यात गेली आणि नंतरची गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रात, समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याचे, काम पाहण्यात. या दोन्ही काळांत माझ्या हातून सर्वाधिक वेळा गेलेला कागद म्हणजे संदर्भ चिठ्ठी. तक्त्यावरची ६/९ ची ओळ ज्याला वाचता आली नाही त्याचे नाव, इयत्ता, कोणत्या डोळ्याची तक्रार आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, एवढे तिच्यावर लिहायचे आणि ती पालकांच्या हाती द्यायची. पुढे त्या मुलाची तपासणी झाली का, काय निघाले, चष्मा दिला की शस्त्रक्रिया सांगितली, यांतले शाळेला कळायचे ते आई शेताकडे जाताना शाळेच्या फाटकापाशी थांबून सांगेल तेवढेच. शाळेतून रुग्णालयाकडे जाणारी चिठ्ठी होती. रुग्णालयातून शाळेकडे येणारी नव्हती.

चिठ्ठी पाठवण्याची बाजू गेल्या काही वर्षांत पुष्कळ मजबूत झाली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासूनचा. शाळांतली नेत्रतपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे हे त्याचेच अंग. नंतर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरासाठी सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि वाढीतले विलंब शोधायचे, असे त्याचे स्वरूप. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका अशा पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा यायचे, आणि ज्यांना पुढचे उपचार लागतील त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. त्या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, नेत्रतपासनीस, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने विशेष शिक्षकाचेही पद धरलेले आहे. रुग्णालयाच्या इमारतीत शिक्षकाला जागा द्यावी, हा विचार ज्याला कुणाला सुचला त्याने खरी मेख ओळखली होती, असे मला वाटते.

शिक्षकाला रुग्णालयात आणि डॉक्टरला शाळेत एवढे परके का वाटावे, याचे एक कारण आपल्याकडे दिव्यांग मुलांचे शिक्षण जसे सुरू झाले त्यात आहे. मुंबईत दादरची अंधशाळा अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी १९०० साली काढली आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालची. त्या शाळा दुष्काळाच्या आणि प्लेगच्या सावलीत, निराधारांना आसरा देण्याच्या भावनेतून उभ्या राहिल्या, आणि त्या काळात त्याहून वेगळे काही कुणी करू शकले असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे मात्र तीच भावना सरकारी रचनेत जाऊन बसली. विशेष शाळा शिक्षण खात्याकडे आल्या नाहीत, समाजकल्याणाकडे राहिल्या; अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये, महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला तेव्हा त्या तिकडे गेल्या. सर्वसाधारण शाळेत शिकणारे दिव्यांग मूल १९७४ ची केंद्रीय योजना १९८२ मध्ये शिक्षण विभागाकडे आली तेव्हापासून त्या विभागाच्या वहीत आहे आणि २०१८ पासून समग्र शिक्षा या शालेय योजनेच्या. अंगणवाडीतले मूल महिला व बालविकास विभागाचे आणि तपासणारे पथक सार्वजनिक आरोग्य विभागाचे. थोडक्यात, सहा वर्षांचे एक अंशतः अंध मूल चार विभागांच्या नोंदवह्यांत चार वेगवेगळ्या क्रमांकांनी हजर असते, आणि त्या चारही ठिकाणची माहिती एकत्र असते ती केवळ त्याच्या आईच्या प्लास्टिकच्या पिशवीत. केसपेपर, चष्म्याचा नंबर, आधार कार्डाच्या झेरॉक्स, लसीकरणाचे कार्ड, सगळे एका रबरबँडमध्ये. ही पिशवी मी इतक्या घरांत पाहिली आहे की सरकारी संगणकांपेक्षा तिच्यावरच माझा भरवसा अधिक आहे.

दोन खात्यांनी एकत्र येऊन काम केले की काय होते याची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. जीवनसत्त्व ‘अ’च्या मात्रांचा कार्यक्रम १९७० पासून चालत आला आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट आणि मग पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, अशा एकूण नऊ मात्रा. अंगणवाडी सेविका घरोघरी निरोप देते आणि आरोग्यसेविका चमच्याने पाजते, एवढा हा साधा व्यवहार. पण रातांधळेपणाने सुरू होऊन बुबुळावर फूल पडण्यापर्यंत जाणारे ते जुने दुखणे, गोवराच्या लसीच्या आणि बऱ्या आहाराच्या जोडीने, गावांतून पुष्कळ मागे हटले आहे. माझ्या आईच्या पिढीला प्रत्येक आळीत असे एखादे मूल माहीत असे.

दुसरे उदाहरण २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेचे. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना ती लस द्यायची होती, आणि त्यांतली मोठी संख्या शाळांत असल्यामुळे लसीकरण शाळांतच झाले. अफवा पुष्कळ होत्या. पालकसभा घ्याव्या लागल्या, आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते, हे सातवीच्या मुलींच्या आयांना समजावून सांगणे वर्गशिक्षिकेच्या वाट्याला आले. डॉक्टर सुई टोचू शकत होते. पण ‘माझ्या पोरीला आज ती कशाला’ या प्रश्नाचे उत्तर देण्याएवढी त्या आईची ओळख गावात शाळेच्या बाईंशीच होती. अजून जन्मालाही न आलेल्या मुलांच्या डोळ्यांसाठी शाळेने एवढे मोठे काम केले, याची शाळेलाच फारशी जाणीव नव्हती. अहवालात आकडे गेले आणि विषय संपला.

आता काळ बदलला तशी कारणेही बदलली आहेत. महाराष्ट्रातल्या ३५ अंधशाळांतील मुलांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात डोळ्यांच्या जन्मजात दोषांचा वाटा सर्वांत मोठा निघाला, त्याखालोखाल बुबुळावरच्या व्रणांचा. आणि सुमारे एक तृतीयांश मुलांचे अंधत्व टाळता येण्याजोगे किंवा उपचार करण्याजोगे होते. जन्मजात दोष म्हटले की नातेसंबंधातल्या लग्नांचा प्रश्न येतोच. मामाच्या मुलीशी लग्न ही ज्या भागात मानाची गोष्ट समजली जाते त्या भागात मी वाढले आहे, आणि तिथे हे बोलणे डॉक्टरांना जेवढे अवघड जाते त्याहून शिक्षकांना जास्त अवघड जाते.

या काळात पुढे आलेले एक कारण मात्र थेट आरोग्यसेवेच्या यशातूनच जन्मले आहे. अपुऱ्या दिवसांची बाळे पूर्वी जगत नसत. आता जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात काळजी कक्षांमुळे हजार-बाराशे ग्रॅमची बाळे जगतात, घरी जातात, हसतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या केंद्राकडून कडेकडे वाढत जातात आणि ती वाढ नऊ महिने भरण्याच्या सुमारास पुरी होते. बाळ लवकर जन्मले की ती अर्धवट राहते, आणि त्यात प्राणवायू प्रमाणाबाहेर दिला गेला तर वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटून पडदा सुटू शकतो. वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा गर्भकाळ ३४ आठवड्यांपेक्षा कमी असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत पडदा तपासलाच पाहिजे, अतिशय कमी वजनाच्या बाळाचा त्याहूनही आधी, आणि धोका दिसला तर दोन-तीन दिवसांत लेझर उपचार झाला पाहिजे, असे शास्त्र सांगते. ही मुदत चुकली तर पुढे कितीही मोठ्या रुग्णालयात गेले तरी फारसे काही हाती लागत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचे नाही अशी आपल्याकडची रीत, आणि हे वैद्यकीय वेळापत्रक नेमके त्याच सव्वा महिन्यात बसते. घरी जाऊन ‘डोळे तपासायला नेले का’ असे विचारणारी आशाताई किंवा अंगणवाडी सेविका नसेल तर दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेली तारीख उलटून जाते. या एका आजारात आरोग्य विभागाची चूक आणि शिक्षण विभागाचे पुढचे अठरा वर्षांचे काम यांच्यामध्ये केवळ तीस दिवसांचे अंतर असते.

अंधशाळांच्या पाहण्यांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे, आणि ती शिक्षक म्हणून मला जास्त टोचते. अंध म्हणून दाखल झालेल्या मुलांपैकी काहींना बरीच नजर असते; योग्य चष्मा, भिंग किंवा मोठा टाइप मिळाला तर ती छापील अक्षर वाचू शकतात. अशी मुले ब्रेलचे पुस्तक बोटांनी न वाचता त्यावर वाकून, टिंबांच्या सावल्या डोळ्यांनी पाहत वाचताना आढळतात. कुणीतरी कधीतरी ‘दिसत नाही’ असे लिहिले, पालकांनी वसतिगृहात आणून सोडले, आणि पुन्हा डोळे तपासण्याचा प्रसंगच आला नाही. शाळेला वाटले डॉक्टरांनी पाहिले आहे. डॉक्टरांच्या लेखी मूल शाळेत गेले म्हणजे प्रकरण मिटले. याच्या उलट बाजूला सर्वसाधारण शाळेत मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल असते, ज्याला गुरुजी ‘लक्ष नसते’ म्हणतात आणि घरचे ‘मठ्ठ आहे’ म्हणतात.

या दोन्ही मुलांकडे पाहिले की प्रमाणपत्र या कागदाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि निदान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. चांगल्या डोळ्याची नजर, उत्तमातला उत्तम चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी आणि ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व, अशी त्याची व्याख्या आहे. नजरेचा घेर किती अंशांचा आहे हेही त्यात मोजले जाते. ६/१८ याचा अर्थ निरोगी डोळ्याला जे अठरा मीटरवरून दिसते ते या मुलाला सहा मीटरवर जाऊन पाहावे लागते. हक्क मोजायचा तर असे मोजमाप लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या आकड्यावरून मुलाला कुठे बसवावे, फळ्यावर अक्षर केवढे काढावे, वहीच्या रेघा किती ठळक हव्यात, यांतले काहीही कळत नाही. एका डोळ्याने मुळीच न दिसणाऱ्या आणि दुसरा डोळा चांगला असलेल्या मुलाला ३० टक्के मिळतात, म्हणजे योजनेतून ते बाहेर. पण त्याच्या अंध बाजूने येणारा चेंडू त्याला दिसत नाही हे खेळाच्या शिक्षकाला माहीत असायला टक्केवारी कशाला हवी?

नजर मंद असलेल्या मुलाला पहिल्या बाकावर खिडकीशी बसवा, असा सल्ला आम्हांला प्रशिक्षणात दिला जायचा आणि आम्ही तो इमानेइतबारे पाळायचो. रंगद्रव्याच्या अभावाने केस आणि कातडी पांढुरकी असलेल्या मुलांना मात्र उजेडच सहन होत नाही. त्यांची बुबुळे सतत हलत असतात, आणि खिडकीतल्या उन्हाने त्यांना जे थोडे दिसते तेही जाते. अशा मुलाला खिडकीकडे पाठ करून, पुढे डोकावणारी टोपी घालू देऊन बसवले तर ते फळ्यावरचे बरेच काही टिपते. याहून फसवा प्रकार डोळ्याच्या पडद्याच्या त्या आनुवंशिक आजाराचा, ज्यात नजर कडेकडून आत आटत येते. असे मूल आमच्या व्हरांड्यातल्या तक्त्याची शेवटची ओळ सुद्धा वाचते, कारण समोरच्या एका बिंदूपुरती त्याची नजर शाबूत असते. आणि मधल्या सुट्टीत तेच मूल पाण्याच्या टाकीवर, सायकलींवर, पहिलीच्या पोरांवर आदळत राहते, संध्याकाळी अंगणातून घरात येताना उंबऱ्याला ठेचकाळते. तक्त्याच्या हिशोबाने ते निरोगी आणि वर्गाच्या हिशोबाने धसमुसळे. डॉक्टरला ते कुठे आपटते हे दिसत नाही आणि शिक्षकाला पडद्यावर काय चालले आहे हे दिसत नाही. ठेचकाळण्याची ती नोंद शिक्षकाने चिठ्ठीवर लिहिली असती, तर डॉक्टरांनी नजरेचा घेर तपासला असता. आमच्या चिठ्ठीवर त्यासाठी रकानाच नव्हता.

रकाना नसतानाही काम होऊ शकते, हे मला एका नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी दाखवले. आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत एक मुलगी होती. तिला जन्मतः मोतीबिंदू होता, आणि तिची शस्त्रक्रिया लहानपणीच, पण जेवढी लवकर व्हायला हवी तेवढी लवकर नव्हे, अशा वयात झाली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, कागदावर तसे लिहिलेलेही होते. मूल मात्र तिसरीत येऊनही वाचत नव्हते. तिचा जाड भिंगांचा चष्मा घरी लोखंडी पेटीत, लग्नाच्या साड्यांच्या घडीत, जपून ठेवला होता, कारण तो फुटला तर पुन्हा शहर गाठावे लागेल अशी आजीला धास्ती होती, आणि चष्म्यावाली पोरगी म्हणून उद्या कुणी पुढे येणार नाही अशी आणखी एक, न बोललेली धास्ती. ग्रामीण रुग्णालयातल्या त्या अधिकाऱ्यांनी आमची चिठ्ठी पाहिली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या वर्गाच्या बाईंसाठी मजकूर लिहिला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यातले नैसर्गिक भिंग जाते, म्हणून चष्मा हा तिच्या डोळ्याचाच भाग समजा. उजवा डोळा आळसावला आहे. त्याला काम लावण्यासाठी डावा डोळा रोज दोन तास पट्टीने झाकायचा आहे, आणि तो घरी झाकला जात नाही. शाळेत गणिताच्या तासाला झाकता येईल का? फळा पट्टीच्या वेळी वाचायला लावू नका, मणी मोजणे किंवा चित्र रंगवणे चालेल. दूरचे आणि जवळचे यांसाठी दोन वेगळे चष्मे लागतील, दुसरा मी देतो.

आळसावलेल्या डोळ्याला सात-आठ वर्षांच्या वयापर्यंतच चांगला प्रतिसाद देता येतो, पुढे त्याची तयारी कमी होत जाते, हे मला तेव्हा प्रथम समजले. त्या वयाची सारी मुले कुठे असतात तर शाळेत. म्हणजे या उपचाराची जागा रुग्णालय नसून दुसरी-तिसरीचा वर्ग आहे. त्या वर्गाच्या बाईंनी पट्टीचा तास वेळापत्रकात घातला. पहिले काही दिवस मुलांनी चिडवले, मग बाईंनी सगळ्या वर्गालाच एक डोळा झाकून सुईत दोरा ओवायला लावला आणि चिडवणे आपोआप थांबले. मुलीची उजव्या डोळ्याची नजर किती सुधारली हे मी वैद्यकीय भाषेत सांगू शकणार नाही. वर्षअखेरीला ती मोठ्या टाइपातला धडा वाचत होती, सावकाश, नाक पुस्तकाला लावून, पण स्वतः वाचत होती. याचे श्रेय कुठल्या योजनेच्या अहवालात गेले असेल तर मला माहिती नाही, कारण चिठ्ठीची मागची बाजू संगणकात भरता येत नाही.

एकाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांची गोष्ट याहून कितीतरी बिकट आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे हातपाय आखडले आहेत अशा बालकाचे डोळे तपासले तर पुष्कळदा ते निर्दोष निघतात; दोष असतो तो डोळ्यांनी पाठवलेल्या चित्राचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागात. असे मूल आईचा चेहरा ओळखत नाही, पण तिची लाल साडी ओळखते. भरगच्च पानावरचे चित्र त्याला सापडत नाही, मात्र काळ्या कापडावर ठेवलेला एकच पिवळा चेंडू त्याला सापडतो. एक डॉक्टर म्हणतो डोळे ठीक आहेत, दुसरा म्हणतो पाय सुधारले की पाहू, आणि दरम्यान अंधशाळा त्याला मतिमंद म्हणून घेत नाही आणि मतिमंदांची शाळा अंध म्हणून घेत नाही. कर्णबधिर-अंध मुलांसाठी देशातली पहिली शाळा मुंबईत १९७७ साली हेलन केलर संस्थेने सुरू केली. तालुक्याच्या गावातल्या पालकांना त्या शाळेचे नाव कळायलाच कित्येकदा पाच-सहा वर्षे जातात. या मुलांसाठी आता गृहाधारित शिक्षणाची सोय आहे, म्हणजे विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवतो. भौतिकोपचारतज्ज्ञही त्याच घरी जातो, बहुधा वेगळ्या दिवशी. दोघे एकाच दिवशी गेले तर मुलाला कसे बसवले असता त्याची मान स्थिर राहून नजर चेंडूवर ठरते हे दोघांना एकदम दिसेल. पण दोघांचे प्रवासभत्त्याचे अर्ज वेगवेगळ्या कार्यालयांत जात असल्याने त्यांचे दौरेही वेगवेगळेच ठरतात. हसू नका, हे अगदी खरे कारण आहे.

विशेष शिक्षकांविषयी थोडेसे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा आणि वरच्या स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे म्हटले. आमच्याकडे एकेका शिक्षकाच्या वाट्याला तालुकाभर पसरलेल्या शाळा असतात, आणि मोटारसायकलच्या मागे ब्रेल पाटी, टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी) आणि पांढरी काठी बांधून तो आठवड्याचा फेरा पुरा करतो. ब्रेल असे आठवड्यातून एकदा शिकवता येत नाही. सहा टिंबांची लिपी ऐकायला सोपी वाटते, पण बोटाच्या अग्राला ती सवयीची व्हायला रोजचा सराव लागतो. पाटीवर लेखणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. शिवाय छापील मराठीत व्यंजनाच्या आधी येणारी पहिली वेलांटी ब्रेलमध्ये व्यंजनानंतर येते, उच्चाराच्या क्रमाने. वर्गशिक्षकाला एवढे तरी वाचता आले तर मुलाचा रोजचा गृहपाठ तपासणारे कुणी असेल.

ब्रेल कधी सुरू करायचे हा प्रश्न तर पूर्णपणे डॉक्टरच्या हातात असतो, आणि या जागी आरोग्य आणि शिक्षण यांचा संवाद सर्वांत जास्त अडतो. पडद्याचा आजार असलेले मूल आज दहा वर्षांचे आहे, मोठे अक्षर वाचते आहे. पंधराव्या वर्षी त्याला छापील अक्षर दिसणार नसेल तर बोटे तयार करायची वेळ आजची आहे, नजर असतानाच. दहावीच्या तोंडावर नजर गेली आणि तोवर ब्रेल आले नाही, तर ते मूल निरक्षर होते. नववीपर्यंत शिकलेले मूल पुन्हा निरक्षर होते. पण नजर जाणार आहे हे आईबापांना सांगायला डॉक्टर धजत नाहीत, आणि सांगितले तरी आईबाप दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तिसऱ्याकडे जातात, मग देवऋष्याकडे जातात. शाळेने ब्रेलचा विषय काढला तर त्यांना तो अपशकुन वाटतो. एका वडिलांनी मला विचारले होते, ‘बाई, तुम्ही आत्तापासूनच त्याला आंधळा ठरवता का?’ त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार शाळेकडे नसतो. डॉक्टरांनी ‘दोन्ही लिपी शिकवा’ असे दोन शब्दांत लिहून दिले असते, तर त्या वडिलांना ते औषधासारखे, दुसऱ्याच्या सहीने, मान्य झाले असते. डॉक्टरांच्या सहीला आमच्या गावात जे वजन आहे ते आमच्या समजावण्याला नाही, हे शिक्षकांनी मोकळेपणाने मान्य करावे आणि त्या वजनाचा उपयोग करून घ्यावा.

होते काय, तर रुग्णालयाचा कागद शाळेत पहिल्यांदा पोचतो तो दहावीला. मंडळाच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटांचा जादा वेळ हवा असेल तर प्रमाणपत्र लागते, म्हणून त्या वर्षी मुख्याध्यापकांची धावपळ सुरू होते, पालक सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे रांगा लावतात आणि पहिलीपासून त्या मुलाला नीट दिसत नव्हते हे अखेर सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होते. तोवरची नऊ वर्षे ते मूल कसे शिकले, हे कुठल्याच अर्जात विचारलेले नसते. शाळांनी अशी मुले आधीच ओळखावीत म्हणून २०२२ साली ‘प्रशस्त’ नावाचे अ‍ॅप आले आहे, अंगणवाड्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती आली आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. ओळख लवकर पटेल. पण ओळखल्यानंतर पुढची माहिती कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

आमच्या केंद्रात आम्ही त्यावर एक अगदी किरकोळ उपाय केला. संदर्भ चिठ्ठीला खाली अर्धे पान जोडले. वरच्या भागात शिक्षकाने लिहायचे: मूल कुठे अडखळते, फळा किती अंतरावरून वाचते, उन्हात आणि संध्याकाळी काय फरक पडतो. खालच्या भागात डॉक्टरांसाठी चार प्रश्न: चष्मा केव्हा आणि किती वेळ वापरायचा, उजेड कुठल्या बाजूने हवा, अक्षर केवढे हवे, आणि ही नजर पुढे टिकणारी आहे का. हे अर्धे पान कुठल्याही परिपत्रकात नाही, त्यामुळे ते भरून देण्याचे कुणावर बंधन नाही. गर्दीच्या दिवशी ते तसेच कोरे परत येते, कधी पिशवीत दुमडून राहते. पण जे डॉक्टर एकदा भरतात ते पुढच्या वेळी आपण होऊन विचारतात, ‘तुमचे ते खालचे पान कुठे आहे?’ पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आता बरीच येतात. चौथ्यासमोर बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ असते, आणि ती रेघ दिसली की आम्ही विशेष शिक्षकांना ब्रेल पाटी घेऊन त्या शाळेवर पाठवतो.